खिडकीपाशी सोबत उभं राहायला मराठी माणूस हवंय

नाक्यावरची | ११ जानेवारी, रात्री १०:४२

मागच्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयात साडेतीन तास खिडकीपाशी उभी होते. सोबत चार जण. तिघं कलबुर्गीकडचे, एक झारखंडचा. प्लास्टरचं काम केलेलं, सतरा दिवसांची मजुरी अडकलेली आणि ठेकेदाराचा फोन बंद. हे चौघं माझ्याआधी दोनदा तिथं जाऊन आले होते. पहिल्यांदा अर्जच नव्हता म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा एका झेरॉक्सवाल्याकडून दोनशे रुपये देऊन अर्ज लिहून नेला, तर त्यात कामाची जागा नाही, तारखा नाहीत, मुख्य मालकाचं नाव नाही. पुन्हा परत. प्रत्येक फेरीला चौघांचा रोज बुडाला.

मी वेगळं काय केलं? बांधकामाच्या कुंपणावर महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असतो, त्यावरून बिल्डर कंपनीचं नाव आणि पत्ता काढला. चौघांकडून तारखा विचारून घेतल्या. एकानं घरी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या होत्या, एकाच्या फोनमध्ये मचाणावरचा फोटो होता, त्यावरून दिवस जुळवले. साध्या मराठीत दीड पान लिहिलं. खिडकीतले साहेब वाचून म्हणाले, "हे असं आधी आणायचं ना." शिक्का मारला, पोच दिली. बस्स. पैसे अजून मिळालेले नाहीत, पण पोच हातात आहे, आणि पोच हातात असलेल्या माणसाशी ठेकेदाराचा मुकादम वेगळ्या आवाजात बोलतो.

अकरा वर्षं मी पूर्व उपनगरांत हे काम करते. पदाला 'संघटक' म्हणतात, रोजचे मजूर कामासाठी जमतात त्या नाक्यावर 'युनियनवाली ताई' म्हणतात. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे मोर्चा, घोषणा, कॅमेऱ्यासमोर बोलणं. तेही असतं, वर्षातून दोन-चारदा. बाकी सगळं वर लिहिलंय तसलं. हजेरीची वही लिहायला लावणं. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावरचा माणूस रोज वेगळ्या मालकाकडे जातो, मग त्याला दाखला देणार कोण, याच्या मागे फिरणं. रेशनच्या दुकानात 'गावचं कार्ड इथं चालणार नाही' म्हणून हाकललं तर जाऊन सांगणं, की एक देश एक रेशनकार्ड योजनेत केंद्राचं धान्य कुठल्याही दुकानात मिळतं. रात्री अकराला फोन आला की कुणाला चौकशीला नेलंय ते शोधत बसणं.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडे तळमळीची मुलं येतात. समाजकार्य शिकलेली, इंग्रजी उत्तम, हिंदी उत्तम. पण कार्यालयातला शासन निर्णय मराठीत, अर्जाचा नमुना मराठीत, पोलीस ठाण्यातली स्टेशन डायरी मराठीत. ज्या मजुराच्या नावानं ती नोंद होते त्याला त्यातलं अक्षर कळत नाही. सही कर म्हटलं की करतो. जबाबावर सही करून आलेल्या माणसाला मी विचारलंय, काय लिहिलं होतं? तो म्हणाला, "पता नहीं दीदी, अच्छे से बात कर रहे थे."

माझे आजोबा पाटण तालुक्यातून लालबागला आले. गाववाल्यांच्या गाळ्यात तीस-बत्तीस जण, पाळीपाळीनं झोपायचं. त्यांना लिहिता येत नव्हतं. गाळ्यात एक सातवी शिकलेले गृहस्थ होते, ते सगळ्यांची पत्रं लिहायचे आणि आलेली वाचून दाखवायचे. मनीऑर्डरचा फॉर्मही तेच भरायचे. आजोबा अखेरपर्यंत त्यांचं नाव 'मास्तर' म्हणूनच घ्यायचे, खरं नाव मला माहीतही नाही. मला आज मुंबईत असे मास्तर हवे आहेत. महिन्यातून दोन सकाळी पुरे.

इथं कुणी असं काम करत असेल, केलं असेल, सोडलं असेल, तर लिहा. शंका असतील तर त्याही विचारा. अवघड प्रश्न विचारलेत तरी मला चालेल.

---

लालबागचा_जुना | ११ जानेवारी, रात्री ११:३०

ताई, गाळ्याचं वाचून पोटात कालवलं. माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. जेवायला खानावळीत जायचे, महिन्याचं खातं. त्या खानावळी चालवणाऱ्या बायका म्हणजे आपल्याच, कोकणातल्या, घाटावरच्या. पहाटे चारला उठून वीस-पंचवीस माणसांचं रांधायच्या, आणि धान्यासाठी सावकाराकडून भरमसाट व्याजानं पैसे उचलायच्या. संपात गिरणी बंद झाली की हिच्याच उधारीवर कामगार जगायचा. पण कामगार म्हणून हिची मोजदाद कुठल्याच वहीत नव्हती.

प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेतून कर्ज मिळवून दिलं. युनियनचं काम करताना त्यांना जे दिसलं ते असं, की गिरणीच्या आत संघटना आहे, पण गिरणीला जगवणारी बाई बाहेर एकटी आहे. मला संघटक या शब्दाचा अर्थ तिथं कळतो. वहीत नाव नसलेला माणूस ज्याला आधी दिसतो, तो संघटक.

त्याच्याही मागे जायचं तर नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी मागण्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची सुट्टी ही त्यातली एक मागणी. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी लागू झाली, म्हणजे सहा वर्षं लागली. आणि ते सगळे गिरणी कामगार तरी कोण होते? कुणी रत्नागिरीचा, कुणी साताऱ्याचा. मुंबईत जन्मलेला विरळा.

---

कांजूरकर | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

धागा प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. लालबागचे काका, साताऱ्याचा माणूस मुंबईत आला तो आपल्याच राज्यात आला. त्याची तुलना मला पटत नाही.

माझा धाकटा भाऊ आयटीआय झालाय, वायरमन. दोन वर्षं कायम काम नाही. साइटवर गेला की सांगतात, आमची टोळी बाहेरून येते, साइटवरच राहते, बारा तास करते, तुझ्या निम्म्या पैशांत. मग माझ्या भावासाठी खिडकीपाशी कोण उभं राहतं? मी वाईट माणूस नाही. माझ्या चाळीत सगळ्या प्रांतांतले लोक आहेत, गणपतीला एकत्र असतो. पण तुम्ही मराठी माणसाला सांगताय की ये आणि याच लोकांचे अर्ज लिही, तर हा प्रश्न मनात येणारच.

---

माथाडीची_लेक | १२ जानेवारी, सकाळी ९:४८

@कांजूरकर, तुमचा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे असं मला वाटतं. "साइटवर राहते, बारा तास करते, निम्म्या पैशांत." हे त्या टोळीनं मागून घेतलेलं नाही. त्यांना गावात उचल दिलेली असते, ती फिटेपर्यंत मुकादम सांगेल ते. तक्रार करायची सोय नाही, भाषा येत नाही, म्हणून ते स्वस्त पडतात. तुमच्या भावाचं काम जातं ते त्यांच्या असहायपणामुळे. ती असहायता गेली, त्यांना आठ तास आणि पूर्ण मजुरी मिळाली, तर ठेकेदाराला तुमचा भाऊ महाग वाटायचं कारण उरत नाही.

माझे वडील माथाडी. मशीद बंदरला गोणी वाहायचे. १९६९ च्या माथाडी कायद्याआधी काय होतं ते मी घरात ऐकलंय. टोळीचा मुकादम मधल्यामध्ये पैसे खायचा, दुखापत झाली की गावी जा. अण्णासाहेब पाटलांनी माणसं जोडली, मंडळ आलं, नोंदणी आली. मजुरी मालकानं मंडळात भरायची आणि मंडळानं कामगाराला द्यायची, वर भविष्यनिर्वाह, बोनस, दवाखाना. त्या पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाच्या जिवावर मी बीकॉम झाले. मंडळात नोंद झालेल्या माणसाला मधला कुणी नागवू शकत नाही, मग तो जावळीचा असो की जौनपूरचा. नोंद नसलेला मात्र कुणालाही स्वस्तात मिळतो.

---

नाक्यावरची | १२ जानेवारी, दुपारी २:१५

@कांजूरकर, भावाला घेऊन या. खरंच सांगते. वायरमनही बांधकाम कामगारच, १८ ते ६० वयात बसतो, ९० दिवस भरत असतील तर त्याची मंडळात नोंदणी होते. आमच्या नाक्यावर बीड-जालन्याची, वाशिमची, नांदेडची माणसं आहेत, ऊसतोडीतून सुटून आलेली. त्यांचीही मजुरी तशीच बुडते. रांगेत कोण कुठला हे विचारायची मला कधी गरज पडली नाही.

'आपल्याच राज्यात' यावर एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या तोडून लोकांना आपापल्या गावी पाठवायचं ठरलं होतं. त्याविरुद्ध जे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते ओल्गा टेलिस खटला म्हणून ओळखलं जातं. अर्जदारांत पत्रकार होत्या, तमिळनाडूतल्या सेलमहून आलेला मजूर होता आणि आपल्या संगमनेरहून आलेलं माणूसही होतं. १० जुलै १९८५ ला निकाल आला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, पाच न्यायमूर्तींचं पीठ. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं. झोपड्या हटवायची मुभा मात्र पालिकेला मिळाली, फक्त नोटीस देऊन, ऐकून घेऊन. त्यामुळे आमचे जुने कार्यकर्ते या निकालाबद्दल बोलताना आनंद आणि दुःख दोन्हींनी बोलतात. पण फुटपाथवर सेलमवाला आणि संगमनेरवाला शेजारी होते, आणि पालिकेची गाडी आली ती दोघांसाठी एकच होती.

त्याच सुमाराला भायखळ्याकडच्या फुटपाथवरच्या बायकांनी आपली स्वतःची मोजणी केली. स्पार्क ही संस्था १९८४ सालची, तिच्या सोबतीनं. त्यातून महिला मिलन हा त्या बायकांचा गट उभा राहिला. आपण किती आहोत, कुठून आलो, काय काम करतो, हे सरकारनं मोजायच्या आधी आपण मोजायचं. मी आजही नव्या वस्तीत गेले की पहिलं काम तेच करते. वही काढते, नावं लिहिते. मागणी काय करायची ते त्या वहीतून आपोआप दिसायला लागतं.

---

पवईकर | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

चांगला धागा. वाचनखूण साठवली. एक विचारतो. राज्याराज्यांतल्या मजुरांचं समजलं. पण परदेशातून आलेल्यांचं काय? कागद नसताना सीमा ओलांडून आलेल्या माणसासाठी काम करणं म्हणजे कायदा मोडायला मदत करणं नाही का? रागानं नाही, माहीत करून घ्यायचंय.

---

काळा_कोट | १२ जानेवारी, रात्री ९:०२

वकील आहे, या प्रकरणांत उभी राहते, म्हणून थोडं सविस्तर.

संविधानात दोन वेगळे शब्द आहेत. कलम १९ मधली स्वातंत्र्यं, देशात कुठंही राहण्याचं, व्यवसाय करण्याचं, ती 'नागरिकांना' आहेत. कलम १४ ची समानता आणि कलम २१ चा जीविताचा हक्क 'व्यक्तीला' आहे. पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जिवाचं रक्षण करणं राज्यावर बंधनकारक आहे. म्हणजे ज्याला परत पाठवायचंय त्यालाही कोठडीत मारता येत नाही, उपाशी ठेवता येत नाही. अटक केली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, कारण सांगावं लागतं, वकील भेटू द्यावा लागतो. ताब्यात असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० हा त्यांचा क्रमांक पाठ करून ठेवा.

आमचं काम कुणाला लपवणं नाही. जी प्रक्रिया कायद्यात लिहिलेली आहे ती खरोखर पार पाडली जाते की नाही हे बघणं, एवढंच.

ती टाळली की काय होतं ते आपण पाहिलंय. जून २०२५ मध्ये मुंबईच्या आसपास पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत ढकललं गेलं. ते भारतीय होते. घरच्यांनी कागद दाखवले, आरडाओरडा झाला, मग सीमा सुरक्षा दलामार्फत त्यांना परत आणलं. विचार करा, मुर्शिदाबादचा गवंडी, इथं काम करून पैसे पाठवणारा, रात्री दुसऱ्या देशाच्या शेतात उभा. त्याचा गुन्हा काय? तो बंगाली बोलतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच भाषा आहे.

आणि आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात तो होता, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जामीन प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र जवळ असणं म्हणजे नागरिकत्व सिद्ध होणं नव्हे. मग गरिबाकडे राहतं काय? शाळेचा दाखला, आईवडिलांचं नाव असलेली जुनी मतदार यादी, जमिनीचा उतारा, ग्रामपंचायतीचं पत्र. हे सगळं गावच्या पत्र्याच्या पेटीत. आमच्यातला कुणीतरी रात्री पंचायत प्रधानाला फोन लावून पेटी उघडायला लावतो, फोटो मागवतो, त्याचा मजकूर मराठीत समजावून पोलीस ठाण्यात देतो. पश्चिम बंगालनं २०२३ मध्ये स्थलांतरित कामगार कल्याण मंडळ काढलंय, त्यांनाही कळवतो. या धावपळीत दोन तास वाचले तरी माणूस वाचतो.

---

पवईकर | १२ जानेवारी, रात्री ९:४०

धन्यवाद. आणि निर्वासित? जे जिवाच्या भीतीनं आलेत ते?

---

काळा_कोट | १२ जानेवारी, रात्री १०:२५

भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेले तमिळ यांची व्यवस्था सरकार स्वतः पाहतं. अफगाणिस्तान, म्यानमार अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते, पण तिचं कार्यालय दिल्लीत आहे. मुंबईतल्या कुटुंबाला मुलाखतीसाठी तिथं जायचं तर तिकीट, राहणं, बुडालेला रोज. आणि ते कार्ड मिळालं तरी घरमालक, बँक, शाळा यांना ते कागद ओळखीचे नसतात. तिथंही पुन्हा सोबत जाऊन समजावणारं माणूस लागतं.

---

कॅम्प_चारची | १३ जानेवारी, सकाळी ७:१२

उल्हासनगरहून लिहितेय. घरी सिंधी, शाळा मराठी.

माझे आजीआजोबा फाळणीनंतर सिंधमधल्या शिकारपूरहून बोटीनं मुंबईला आले. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी बराकी रिकाम्या पडल्या होत्या, कल्याण कॅम्प म्हणायचे, तिथं लोकांना ठेवलं. सुमारे लाखभर माणूस. एका बराकीत मधे गोणपाटाचे पडदे टांगून अनेक कुटुंबं. १९४९ साली तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची कोनशिला बसली आणि कॅम्पचं उल्हासनगर झालं. शीव कोळीवाड्याला पंजाबी आले, चेंबूर कॅम्प, मुलुंड, ठाण्याची कोपरी, सगळीकडे निर्वासित. आजी सांगायची, पहिल्या वर्षी रेशनच्या रांगेत तिला काही समजायचं नाही. शेजारच्या गावची एक आगरी बाई तिचा हात धरून रांगेत पुढं न्यायची, आणि काटा बघायला शिकवायची. ताई, तुमचा धागा वाचताना मला ती आगरी बाईच आठवली.

आता आमच्याकडे सिंधमधून अलीकडे आलेली हिंदू कुटुंबं आहेत. व्हिसावर आली, मग दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिली. काहींची वर्षानुवर्षं. मुलगी बारावी झाली, पुढं प्रवेशाला कागद कुठला जोडायचा? नागरिकत्व दुरुस्ती कायदा २०१९ चा, नियम आले मार्च २०२४ मध्ये, आणि त्यात ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेलेच बसतात. मी अशा तीन घरांचे अर्ज भरले आहेत. मला एकच म्हणायचंय. मी ज्यांच्यासाठी धावते ते हिंदू आहेत, काळा_कोट ज्यांच्यासाठी धावतात त्यातले बरेच मुसलमान असतील. रात्री दारावर थाप पडली की पोटात गोळा दोघांच्याही येतो. मी तो गोळा आजीच्या चेहऱ्यावर पाहिलाय, तिला इथं येऊन पन्नास वर्षं झाली होती तरी.

---

पंचगंगेकाठचा | १३ जानेवारी, सकाळी १०:३३

कॅम्पवरून आठवलं. कोल्हापूरजवळ वळिवडे इथं १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास बायका-मुलं. शाळा, चर्च, दवाखाना सगळं. आमच्या पणजीला त्यांच्या घराच्या खिडक्यांतल्या फुलझाडांचं फार कौतुक. २०१९ मध्ये त्यांच्यातले म्हातारे झालेले लोक पुन्हा येऊन गेले, स्मारक झालं. इतक्या वर्षांनी माणसं कुठं परत येतात, जिथं त्यांना बरं वागवलं तिथंच ना.

---

खडूफळा | १३ जानेवारी, दुपारी १:५०

पालिका शाळेत शिक्षिका आहे. कामगारांच्या मुलांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

साइट बदलली की मूल बदलतं. जूनला दहा नावं घातली तर दिवाळीनंतर चार दिसतात. आणि नव्या ठिकाणी प्रवेशाला गेलं की दाखला मागतात, जन्माचा पुरावा मागतात. शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, वयाचा पुरावा नाही म्हणून किंवा शाळा सोडल्याचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुंबई पालिकेत आठ माध्यमांच्या शाळा आहेत, कन्नड आणि तेलुगूसुद्धा. हे आईबापांना कुणी सांगत नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्याही काहींना माहीत नसतं. नाक्यावरची ताईंसारखी कुणी दोन मुलांचे हात धरून दारात उभी राहिली की मग नियम सापडतो. माझ्या वर्गात अशी सहा मुलं आली आहेत. एक मुलगी तीन महिन्यांत मराठी बोलायला लागली आणि आता आईसोबत दवाखान्यात केसपेपर काढायला जाते. आठ वर्षांची आहे. तिनं हे करावं लागू नये, असं मला रोज वाटतं.

---

आता_नाही | १३ जानेवारी, रात्री ११:१७

मी हे काम सोडलं. चार वर्षं झाली. कारण लिहिते, कारण नवीन येणाऱ्यांना कळायला हवं.

२०२० च्या टाळेबंदीत मी घरून फोनवर होते. मार्चच्या २४ तारखेला रात्री आठला घोषणा, बारापासून सगळं बंद. दुसऱ्या दिवसापासून फोन. जरीच्या कारखान्यात माळ्यावर कोंडलेली बिहारची पोरं, मालक निघून गेलेला. शिधा पोचवायचा तर पास हवा. मेमध्ये श्रमिक गाड्या सुरू झाल्या, तर पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा, टोळीची यादी जोडायची, सुरुवातीला डॉक्टरचा दाखलाही हवा. मी रात्र-रात्र याद्या टाइप केल्या. नाव, वडिलांचं नाव, जिल्हा, आधार. एका टोळीची यादी दिली आणि त्यांचा नंबर आठ दिवस लागला नाही. ते फोन करायचे, दीदी, हुआ क्या? मी सांगायचे थांबा. ८ मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघालेले, मध्य प्रदेशचे. माझ्या यादीतले नव्हते. पण त्या दिवशी मी सगळ्या याद्यांतली नावं पुन्हा एकदा वाचली, एकेक. मग माझ्या टोळीला थांबा म्हणायचा माझा आवाजच गेला. ते चालत निघाले. पोचले, सगळे पोचले. पण मी पुढं काही महिने फोन वाजला की थरथरायचे.

पगार तुटपुंजा होता, तोही प्रकल्प असेल तोवर. घरात रोज प्रश्न, दुसऱ्यांच्या पोरांसाठी किती दिवस? मला कुणी सांगितलं नव्हतं की या कामाला सुट्टी लागते, बोलायला माणूस लागतं. संस्थांनी हे बघायला हवं. कार्यकर्ता म्हणजे न थकणारा माणूस, ही समजूत आमच्याच लोकांनी पसरवली आहे.

---

नाक्यावरची | १४ जानेवारी, सकाळी ६:४०

@आता_नाही, काल रात्री वाचलं. लगेच उत्तर द्यायला जमलं नाही.

मीही एक सांगते, कधी लिहिलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका साइटवर २२ जणांची दोन महिन्यांची मजुरी थकली. मी त्यांना म्हणाले, काम बंद करा, मी आहे. ते थांबले. तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं दुसरी टोळी आणली आणि यांचं सामान खोलीबाहेर फेकलं. मी कागद तयार ठेवले नव्हते. हजेरीची वही नव्हती, मुख्य मालकाला पत्र गेलं नव्हतं. ठेकेदारानं बुडवलं तर मजुरी देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे मला माहीत होतं, पण आधी लिहून कळवायचं राहिलं. चूक माझी होती, भोगलं त्यांनी. त्यातल्या एकाची बायको सातव्या महिन्यात होती, ती स्टेशनवर बसून होती. निम्मे पैसे दीड वर्षानं मिळाले, तोवर बरेच जण पांगले होते, आठ जणांचे पैसे अजून द्यायचे राहिलेत कारण ते सापडत नाहीत.

तेव्हापासून मी 'मी आहे' म्हणत नाही. आधी वही, मग पत्र, मग बाकीचं. आणि एकटी जात नाही. आम्ही आता तिघी आहोत, तिसऱ्या रविवारी तिघी एकत्र जेवतो, कामाचं काही नाही, फक्त जेवण. तुम्हाला कधी यावंसं वाटलं तर या. काम करायला नको. जेवायला या.

---

कांजूरकर | १४ जानेवारी, दुपारी १२:०८

दोन दिवस वाचतोय. माझी सगळी मतं बदलली असं म्हणणार नाही. राज्यात येणाऱ्या लोंढ्यांचं नियोजन व्हायला हवं, स्थानिकांना आधी काम मिळायला हवं, यावर मी ठाम आहे.

पण काल रात्री आमच्या सोसायटीच्या वॉचमनशी बोललो. नेपाळचा आहे, नऊ वर्षं दारावर बसतो. एजन्सी भविष्यनिर्वाहाचे पैसे कापते असं सांगते, स्लिप कधी दिलेली नाही. त्यानं मला एक मराठीत आलेला कागद दाखवला, चार महिने खिशात घेऊन फिरत होता. मी वाचला. त्याला कामावरून कमी केल्याची नोटीस होती, तारीख उलटून गेलेली. त्याला वाटलं होतं पगारवाढीचं पत्र आहे.

मला अर्ज लिहिता येतात, पंधरा वर्षं आस्थापना विभागात कारकुनी केलीय. रविवारी घर असतं, शनिवारी सकाळ मोकळी असते. भावालाही आणतो. काय आणावं लागतं?

---

नाक्यावरची | १४ जानेवारी, दुपारी १२:३१

दोन निळी पेनं, कोरे कागद, स्टेपलर. चष्मा लागत असेल तर तो. नाका आठला भरतो आणि दहापर्यंत रिकामा होतो, म्हणून पावणेआठला या. बसायला काही नसतं, चहावाल्याच्या बाकावर टेकता येतं, तो आपलाच आहे. भावाला मागच्या वर्षभरात कुठं कुठं काम केलं ते तारखांसकट एका कागदावर लिहून आणायला सांगा. वॉचमनदादांची ती नोटीस मूळ कागदच आणा, फोटो नको, आणि पाकीट असेल तर तेही. पाकिटावर टपालाचा शिक्का असतो, त्यावर पोचल्याची तारीख सापडते.